दीड बोट पांढरं

मागच्या वर्षी सुनेनं घरात एक यंत्र आणलं. गोल, चपटं, पुरणपोळीच्या तव्याएवढं. ते आपलं आपण घरभर फिरून फरशी झाडतं, पुसतं आणि दमलं की भिंतीशी जाऊन वीज पीत बसतं. माणसांपेक्षा गुणी. फक्त मुख्य दाराशी गेलं की उंबरठ्यावर चढायला बघायचं, अर्ध्यात लटकायचं आणि केविलवाणं ओरडायचं.

"आई, हा उंबरा काढून टाकू या का?" सून म्हणाली. "रोबो रोज अडकतो. शिवाय तुम्हीसुद्धा दोनदा अडखळलात."

यंत्र आणि सासू एकाच यादीत, त्यात यंत्र आधी. मला तिचा हा सरळपणा आवडतो. मी म्हटलं, काढा.

त्या उंबऱ्याला चाळीसेक वर्षं झाली होती. कर्वेनगरात आमची सोसायटी नवी उभी राहिली तेव्हा तो बसला. बसवून घेणारी बाई म्हणजे तेव्हाची मी. तिची ओळख करून द्यायला हवी, कारण ती आता कुणाला भेटत नाही, हे सगळ्यांचं भाग्य. वय बत्तीस. रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. हे दूधवाल्यालाही माहीत होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. कॉलेजात शिकवायची आणि घरी आल्यावर थांबायची नाही. देवधर्म मानत नसे, पण दाराला उंबरठा हवाच म्हणून बिल्डरशी भांडलेली. उंबऱ्याची पूजा करणं तिच्या मते अंधश्रद्धा; उंबराच नसणं मात्र अशुभ नव्हे हं, 'अपूर्ण'. हा शब्द तिनंच शोधला होता आणि त्यावर ती बेहद्द खूश होती.

उंबरा करायला कसब्यातले एक मिस्त्री आले. तिच्याच वयाचे, मोजकं बोलणारे. त्यांच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. वखारीतून सागाची अखंड फळी आणली होती. फळी मधाच्या रंगाची, पण एका कडेला दीड बोट रुंदीची पांढुरकी पट्टी. मिस्त्रींनी त्या दोन रंगांच्या सीमेवर पेन्सिलीनं रेघ ओढली.

"बाई, एवढं पांढरं काढतो. हे कच्चं असतं. पाणी लागलं की टिकत नाही."

"काढता म्हणजे? फेकून देणार?"

"चुलीत जाईल."

"हे बघा मिस्त्री, मी केमिस्ट्री शिकवते."

वाक्य इथंच संपलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण वाक्य संपवणं हा तिचा विषय नव्हता. तिनं त्या गृहस्थाला जिन्यातल्या फरशीवर उकिडवं बसवून सांगितलं, की लाकूड म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पांढऱ्यात तेच, तपकिरीतही तेच. पृथक्करण केलं तर फरक निघेल तो शेकड्यात अगदी थोडका. "तेव्हा रंगावरून भेदभाव करू नका. आख्खी फळी आहे, आख्खी लावा. पांढरी बाजू बाहेर घ्या, ऑइलपेंटखाली जाईल. कुणाला दिसतंय?"

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण बुरशी काही तुमच्या कॉलेजात आली नव्हती ना."

तिनं हे हसण्यावारी नेलं. फळी आख्खी लागली.

आता न्यायानं सांगायचं तर तिला जे येत होतं ते खोटं नव्हतं. झाड उन्हात बसून पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची साखर करतं. त्या साखरेचे कण एकामागं एक ओवले की दोन गोष्टी होऊ शकतात. एका तऱ्हेनं जोडले तर स्टार्च, म्हणजे बटाटा. एकाआड एक कण उलटा फिरवून जोडला तर सेल्युलोज, म्हणजे पोळपाट. साखर तीच. एका जोडणीची भाजी होते, दुसरीवर पोळ्या लाटतात. सेल्युलोजचे हे लांब दोरे एकमेकांना बिलगून त्यांच्या जुड्या होतात. हेमिसेल्युलोज हे लग्नातल्या मध्यस्थासारखं, दोन्हीकडचे हात धरून मध्ये बसणारं. आणि मग पेशी या सगळ्या फटींत लिग्निन भरते. लिग्निनला शिस्त नाही. कुठला कण कुठं चिकटेल हे कुणी ठरवत नाही. जागा दिसली की घुसायचं, संध्याकाळच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या दुचाक्यांसारखं. म्हणूनच ते पुन्हा सोडवणं महाकर्मकठीण. पेशीभोवतीची ही भिंत पक्की झाली की बहुतेक पेशी मरून जातात. उरतात पोकळ नळ्या, आणि झाडाला पाणी वर चढवायला नळ्याच हव्या असतात.

एवढं बाईंना तोंडपाठ. पुढचं पान मात्र तिनं कधी उघडलं नव्हतं, कारण ते परीक्षेला नसे.

पुढच्या पानावर असं होतं, की सालीखालच्या पांढऱ्या लाकडात थोड्या पेशी जिवंत राहिलेल्या असतात, आणि त्यांनी अडीअडचणीसाठी स्टार्च साठवलेला असतो. म्हणजे बुरशीच्या दृष्टीनं भरलेलं फडताळ. वर्षं जातात, झाड जाड होतं, आतल्या पेशींची मरायची वेळ येते. तेव्हा त्या जाताजाता शिलकीतल्या स्टार्चपासून कडू, तेलकट, विषारी द्रव्यं बनवतात आणि आजूबाजूच्या भिंतींना माखून ठेवतात. तो झाला तपकिरी गाभा. ही द्रव्यं वजनात थोडकीच. पण बुरशी आणि वाळवी तेवढ्यावरूनच तोंड फिरवतात. सागाचा सगळा नावलौकिक त्या थोडक्यात असतो, आणि आमच्या विदुषीनं नेमकं तेवढंच किरकोळ म्हणून सोडून दिलं होतं. म्हातारं होताना कडू झालं की कीड लागत नाही, हे झाडाला शाळेत न जाता कळतं. मला कळायला सत्तरी उलटावी लागली.

उंबऱ्यावर तिनं टोमॅटोसारखा लाल रंग दिला. पूजा करायची नाही, पण स्वच्छता तर शास्त्रीय! म्हणून रोज सकाळी फिनेलच्या पाण्यानं उंबरा धुवायचा, बाहेरच्या बाजूनं जरा जास्तच. शिवाय दर दिवाळीला रंगाचा नवा हात. रंगाला केसाएवढी चीर गेली तरी पाणी आत जातं. बाहेर यायला मात्र वाट नसते. एखादी सासुरवाशीण व्रत पाळते तशा निष्ठेनं त्या बाईनं सहा वर्षं त्या लाकडाला भिजवून झाकून ठेवलं.

सातव्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर रंग खरवडताना तिचं बोट आत गेलं. बाहेरून तुकतुकीत लाल. आत नुसता भुगा. भुगासुद्धा कसा, चौकोनी, तडकलेला, करपलेल्या शंकरपाळ्यांसारखा. बुरशीचं काम. बुरशीची पाचक द्रव्यं आकारानं मोठी, ती लाकडाच्या बारीक फटींत शिरत नाहीत. म्हणून ती आधी किरकोळ शरीराचे हस्तक पाठवते: थोडं लोखंड, थोडं पेरॉक्साइड. दोघं आत एकत्र आले की असा काही धुमाकूळ घालतात, की सेल्युलोजचे दोरे तटातट तुटतात. मग साखर ओरपायची आणि लिग्निन ताटात टाकून उठायचं. ते उरलेलं लिग्निन म्हणजे तो तपकिरी भुगा. लोखंड आणि पेरॉक्साइडचा हाच प्रयोग बाई दर वर्षी मुलांना प्रयोगशाळेत करून दाखवत होत्या. घरी दारात तोच प्रयोग सहा वर्षं चालू होता आणि त्यांना वास आला नाही. फिनेलचा येत होता ना.

तिनं मिस्त्रींना बोलावून घेतलं. भुग्याची पुडी त्यांच्यापुढं धरली.

"हा साग नाही. साग कुजत नाही. तुम्ही आंबा घातलात."

मिस्त्रींनी पुडी घेतली, बोटांवर भुगा चोळला. "बाई, हे तुमचं पांढरं आहे. मागं साग जसाच्या तसा आहे. फळी उपटतो, उलटी करून बघा. मग बोला."

"आता दिवाळीत दाराची मोडतोड? काही नको."

"मग मला चोर तरी म्हणू नका."

"मी चोर म्हटलेलं नाही. मी फक्त म्हटलं, आंबा घातलात."

आमचे हे आत पेपर वाचत होते. मिस्त्री गेल्यावर पेपराआडून म्हणाले, "अगं, त्यांनी रेघ मारली होती ना कापायला? तू नको म्हणालीस."

"तुम्हाला सुतारकामातलं काय कळतं?"

पेपराचं पान उलटलं. आमच्या संसारातले बरेच वाद असेच मिटले.

इतकं करून ती थांबली असती तरी ठीक होतं. त्याच आठवड्यात सोसायटीतल्या बायकांची भिशी होती. तिथं चकल्या खाताखाता तिनं भेसळीवर व्याख्यान दिलं. सागाच्या नावाखाली आंबा कसा खपवतात, सामान्य गिऱ्हाईक कसं फसतं, पण विज्ञान शिकलेली स्त्री कशी फसत नाही. शेवटी पुडी सगळीकडं फिरवली. आमच्या समोरच इमारत नंबर दोन उभी राहत होती. तिथल्या चोवीस दारांचं काम याच मिस्त्रींकडं जायचं जवळजवळ ठरलं होतं. ठरवणार होते ते एका वहिनींचे यजमान, आणि त्या वहिनी भिशीत माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पुडीतला भुगा बघितला, "अय्या!" म्हणाल्या, आणि दारं दुसऱ्या कुणाकडं तरी गेली. मिस्त्री पुन्हा आमच्या सोसायटीत दिसले नाहीत.

बाईंनी उंबऱ्याच्या खळग्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरली, वरून लाल रंग मारला आणि ही गोष्ट विसरल्या. लांबीसुद्धा इतकी जाड भरली होती, की तिच्या जिवावर उंबरा पुढं तीस-बत्तीस वर्षं उभा राहिला.

तर रोबोच्या कृपेनं तो निघाला. विजेची करवत घेऊन दोघं जण आले आणि अर्ध्या तासात फळीचे दोन तुकडे दारात ठेवून गेले. बाहेरच्या कडेची लांबी आणि भुगा ओंजळीत मावेल एवढा. पण त्याच्या मागं? पाती फिरली तिथं लाकूड सोनेरी तपकिरी, ठणठणीत, आणि जुन्या चामड्यासारखा तेलकट वास घरभर. हा वास आंब्याला सात जन्मांत येणार नाही. भुगा जिथं थांबला होता ती सीमा पट्टीनं आखावी तशी सरळ. मी एक तुकडा उलटा केला. तळाला रंग कधी पोचलाच नव्हता. तिथं पेन्सिलीची रेघ होती, बरोबर त्या सीमेवर. आणि रेघेच्या पलीकडं, जे कापून टाकायचं त्या दीड बोटाच्या उरल्यासुरल्या तळावर, दोन फुल्या. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे शुद्ध कार्बन. बुरशी तो खात नाही. पुरावा खाण्याजोगा असता तर माझी अब्रू वाचली असती.

"आई, काय झालं?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. मी चुकले होते."

"परत?"

मी तिला सगळं सांगितलं. ती नेहमी फोनकडं बघत ऐकते. या वेळी फोन खाली ठेवला. "म्हणजे त्या माणसाचं एवढं मोठं काम तुमच्या एका कमेंटमुळे गेलं?" कमेंट. आमच्या काळी याला कुचाळक्या म्हणत, पण तिचा शब्द जास्त सभ्य आहे म्हणून मी दुरुस्त केला नाही.

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे लिहिण्याचा मोह होतोय. लागली, माझी झोप उत्तम आहे. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार त्या फुल्यांचा आला. तो चोर नव्हता, हे आता जगात तीन माणसांना माहीत होतं: एक तो, एक मी आणि कालपासून सून. आणि इतकी वर्षं गप्प बसायची शिक्षा त्यानं भोगली होती. मी पिशवीत तुकडा घातला, रिक्षा केली आणि कसब्यात गेले.

दुकान विचारत विचारत सापडलं. गल्ली इतकी अरुंद, की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर. दुकानात चौरंग, पाट, देव्हारे. यंत्रावर चाळिशीतली एक बाई काम करत होती, ती मिस्त्रींची मुलगी. मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसून एका देव्हाऱ्याच्या कळसाला पॉलिश करत होते. दाढी पांढरी झालेली. मी ओळख द्यायला तोंड उघडलं.

"केमिस्ट्रीच्या बाई," ते म्हणाले. "या."

मुलीनं यंत्र बंद केलं. "अब्बा, ह्याच का त्या?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "राग मानू नका, पण आमच्याकडं कुणी फार शहाणपणा करायला लागलं की अब्बा म्हणतात, ए, केमिस्ट्री नको करूस."

म्हणजे कॉलेजातून निवृत्त झाले तरी कसब्यात माझा विषय चालूच होता. मी पिशवीतून तुकडा काढून मिस्त्रींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो आधी हुंगला. मग उलटा केला. रेघेवरून अंगठा फिरवला.

"फळी चांगली होती," ते म्हणाले.

"मिस्त्री, मी तुमची माफी मागायला आले आहे."

"मला कशाला? मला तर तेव्हाच माहीत होतं." त्यांनी तुकडा मला परत दिला. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. जिथं बोललात तिथं."

"अहो, भिशीतल्या निम्म्या बायका आता राहिल्या नाहीत."

"मग लवकर करा."

चहा आला, मी प्यायले. त्यांनी दारांचा विषय काढला नाही, मीही नाही. निघताना मुलगी म्हणाली, "नोटीस बोर्ड असेल ना तुमच्या सोसायटीत?"

घरी येऊन मी मसुदा लिहिला. दीड पान झालं. पहिल्या परिच्छेदात सेल्युलोज, दुसऱ्यात बुरशी, तिसऱ्यात त्या काळी उपलब्ध असलेल्या माहितीच्या मर्यादा. सुनेनं वाचलं.

"आई, यात तुम्ही सॉरी कुठं म्हटलंय?"

"तिसऱ्या परिच्छेदात सूचित केलंय."

"आई."

मी नवा कागद घेतला. त्यावर लिहिलं: 'पहिल्या इमारतीतल्या आमच्या दाराचा उंबरा सागाचाच होता. कच्चं लाकूड कापू नका, असा हट्ट मी धरला आणि कुजल्यावर मिस्त्रींना खोटं पाडलं. चूक माझी.' खाली सही. डिग्री लिहायला पेन वळलं होतं, आवरलं. पाण्याची वेळ आणि लिफ्टची दुरुस्ती यांच्या मधोमध कागद टाचला आणि मिस्त्रींच्या मुलीला फोन करून कळवलं. मला वाटलं, ती फोटो मागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघं रिक्षातून उतरले. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोर्डासमोर उभं राहून त्यांनी चष्मा लावला आणि पाण्याच्या वेळेपासून सुरुवात करून ओळन्‌ओळ वाचली. मी बाजूला उभी, पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या मुलीसारखी.

"सागाचाच होता, असं लिहिलंत," ते म्हणाले.

"हो. मग?"

"बल्लारशाचा साग होता."

मी पेन काढून वर बारीक अक्षरात 'बल्लारशाच्या' घातलं. त्यांनी पुन्हा वाचलं. मान हलवली.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून वहिनी काठी टेकत आल्या. त्याच, भिशीत माझ्या शेजारी बसलेल्या. आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत आणि बोर्ड वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्यांनी कागद मोठ्यानं वाचला, कान मंद झाल्यापासून त्या सगळंच मोठ्यानं वाचतात. मग माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे आंबा नव्हता?"

"नव्हता."

"अगं, मग आमची दारं ह्यांच्याकडून काढून त्या भलत्याला दिली ती...?"

"माझ्यामुळं."

"दर पावसाळ्यात खांदा लावून दार उघडतेय मी!" वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना शिव्या घातल्या, बिल्डरला घातल्या. खरी धनीण समोरच राहत होती होय!"

मी 'हो' म्हटलं. बत्तिसाव्या वर्षी मला हे जमलं नसतं.

वहिनी मिस्त्रींकडं वळल्या. "तुम्ही अजून काम करता का हो?"

"मुलगी करते. मी चुका काढतो."

"मग आमचं दार बघता का जरा? वरून अडतं की बाजूनं, कुणालाच कळत नाही."

मिस्त्रींनी मुलीकडं पाहिलं. तिनं पिशवीतून मोजपट्टी काढली. "चला, बघू या," ते म्हणाले, आणि तिघं इमारत नंबर दोनकडं निघाले, वहिनींच्या काठीच्या चालीनं.

मीही मागोमाग गेले. पावसाळी हवेतलं पाणी सेल्युलोजच्या जुड्यांमध्ये शिरतं, दोरे एकमेकांपासून फाकतात आणि लाकूड आडवं फुगतं, उभं नाही; म्हणून दार बाजूनं अडत असणार. हे मला छान सांगता आलं असतं. लिफ्टमध्ये मी तोंड उघडलंसुद्धा. मिस्त्रींच्या मुलीनं नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मी दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.